विहिरीतली कासवीण

अकोल्यात मी पशुवैद्यकीचं पुढचं शिक्षण घेत होते, तेव्हा वऱ्हाडात कोणाचंच बरं चाललेलं नव्हतं. कपाशी हातची जायची, दिवाळी सरते न सरते तोच विहिरी तळ दाखवायच्या. होस्टेलचा फोन वाजला की घरून काही वाईट निरोप तर नाही ना, म्हणून आम्ही गावाकडच्या मुली ताटावरून उठून धावायचो. तरी त्या दिवसांकडे मन वळलं की मला आधी एक कासवीण आठवते.

जुन्या शहरात एका पिंजाऱ्याच्या अंगणातली विहीर त्या साली आटली आणि तळच्या चिखलात ती सापडली. गोड्या पाण्यातली, चांगली परातीएवढी. वनखात्याच्या माणसानं ती आमच्या विभागात आणली. तिच्यामागोमाग रिक्षातून पिंजारी चाचा आणि चाची उतरले. चाचांच्या अब्बांच्या काळापासून विहिरीत कासवं होती. चाची रोज त्यांना भाताची शितं टाकायच्या.

आमच्या मॅडम रत्नागिरीकडच्या. तिकडे टाक्यांत ठेवलेल्या समुद्रकासविणींचं रक्त तपासून, अंडी धरताना आणि घालताना त्यांची संप्रेरकं कशी चढतात-उतरतात, हे त्यांनी कितीतरी वर्षं पाहिलं होतं. वऱ्हाडात समुद्र नाही, म्हणून इथे त्या म्हशींच्या माजाचा अभ्यास करत होत्या. कासवीण पाहताच त्यांचा चेहराच उजळला.

सिमेंटच्या टाकीत कासवीण काही खाईना. भिंतीला धडका देत नुसती फिरायची. एक्स-रे काढला, तर पोटात गोट्यांसारखी गोल अंडी.

"घालून कावून नाही राहिली मॅडम?" मी विचारलं.

"कुठे घालेल? माती कुठंय?" मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे वाळू नसलेल्या टाकीत कासविणी अंडी पाण्यातच सोडायच्या. सकाळी ती तळाशी पडलेली दिसायची. ते मला परत बघायचं नाहीये."

अंजनगावला आमच्या शेताशेजारून ओढा जातो. रविवारी घरी गेले होते, येताना तिथला पोयटा दोन पोत्यांत भरून एसटीच्या टपावर टाकून आणला. वडिलांनी पोती उचलून दिली. कितीतरी दिवसांनी ते हसले. "कापसाले नाही, तर कासवाले तरी कामी येईल आपली माती," म्हणाले.

टाकीतच एका बाजूला मातीचा उतार केला. कासवीण चढली, थोडं उकरलं आणि परत पाण्यात गेली. पुन्हा चढली, पुन्हा गेली. ती थकत चालली होती. मॅडमनी आधी कॅल्शियम दिलं, मग ऑक्सिटोसिन द्यायचं ठरवलं.

चाचा दर शुक्रवारी नमाज झाली की चाचींना घेऊन यायचे. ऑक्सिटोसिनचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"ते म्हशीचं दूध उतरवाचं इंजेक्शन? नका देऊ मॅडम. मरून जाईल ते."

मॅडमनी त्यांना बाकावर बसवलं. "चाचा, म्हशीला लोक लोभापायी देतात. हिची अंडी पिकली आहेत, वाट मोकळी आहे, एक्स-रेत मी पाहिलंय. अगदी थोडं देणार आहे. नाही दिलं तर अंडी आतच सडतील."

चाचांनी टाकीकडे पाहिलं. "तुमच्या पोरीले देल्लं असतं का?"

"मला पोरगी नाही," मॅडम म्हणाल्या. "पण दिलं असतं."

"मग द्या."

इंजेक्शन देऊन तिला मातीवर ठेवलं आणि आम्ही सगळे दूर सरकलो. कलत्या दुपारच्या उन्हात तिनं मागच्या पायांनी खड्डा केला, आणि एकेक अंडं हळूच खाली सोडलं. चाचींनी पदर तोंडाला लावला होता. सगळं झाल्यावर कासविणीनं माती लोटली, रोजचंच काम असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी चाचांबरोबर चाची डब्यातून अछवानी घेऊन आल्या, बाळंतिणीला देतात ती, ओवा आणि सुकामेवा घातलेली. "ते तर पिणार नाही. तुमी दोघी प्या," म्हणाल्या. मॅडम दोन पेले प्यायल्या.

"पण मॅडम," चाचा म्हणाले, "अंडी फुकट जातील ना? नर तर मरून गेला आमच्या विहिरीतला. दोन उन्हाळे झाले."

"फुकटच जातील असं नाही. कासवीण नराचं बीज पोटात वर्षानुवर्षं जपून ठेवू शकते. लागेल तेव्हा वापरते."

 चाचांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. मग चाचींकडे पाहून हळूच म्हणाले, "इतने दिन संभालके रक्खी."

या कासवांची अंडी फार सावकाश उबतात. उन्हाळाभर मी त्या मातीवर पाणी शिंपडत होते. बरीचशी अंडी खराब झाली. पावसाळा लागून माती भिजली तेव्हा दोन पिल्लं वर आली, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी. मॅडमनी मला हाक मारली आणि बोटानं पिल्लं दाखवली.

विहिरीला पाणी आलं होतं, पण कायद्यानं कासव घरी ठेवायची परवानगी नव्हती. चाचांना ते आधीच सांगितलं होतं. वनखात्याच्या जीपमधून आम्ही एका तलावावर गेलो. चाचांनी स्वतः तिला काठावर ठेवलं. ती सरळ पाण्यात गेली. पिल्लं चाचींच्या ओंजळीत होती. त्यांनी ती शेवाळात सोडली आणि पाण्यात हात धुतले.

"आता शितं कोणाले टाकू?" त्या म्हणाल्या.

"मले टाक," चाचा म्हणाले, आणि आम्ही सगळेच हसलो. मग बांधावर बसून चाचींनी आणलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा खाल्ला. मॅडमना ठसका लागला, चाची त्यांची पाठ चोळत राहिल्या. समोर हिरवीगार कपाशी उभी होती, आणि त्या साली ती सगळ्यांची बरी पिकली.