गुडघ्यांचा बाम
बामचा वास आला की परदेशातल्या, तोआ पायोह भागातल्या माझ्या फ्लॅटमधली ती सकाळ आठवते. आई मुंबईहून पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती. खुर्चीतसुद्धा मांडी घालून बसणारी बाई ती. विमानात पुढची सीट गुडघ्यांना टेकलेली, मांडी कुठली घालणार? मी तिच्या सुजलेल्या गुडघ्यांना बाम चोळत विमान कंपनीला शिव्या घालत होते. ती म्हणाली, "अगं, जागा कमी केली म्हणूनच तिकीट स्वस्त झालं असेल. अजून थोडी कमी करू देत, म्हणजे मला वर्षातून दोनदा येता येईल." जागा त्यांनी खरंच आणखी कमी केली, तिकीट मात्र चढतच गेलं. आई परत आली नाही. मीच जाते. आज सकाळी तिला भेटून परतले आणि आता माझ्याच गुडघ्यांना बाम चोळत बसलेय.