काट्यावर चढवलेला रोजा

देवळाली प्रवरातल्या मुमताजच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हापासून ती प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून नमाज पढायची. कपाळ जमिनीला टेकत नव्हतं, आणि त्यावाचून तिला नमाज अर्धीच वाटायची. डॉक्टर म्हणाले, आधी आठ किलो उतरवा. रमजान चार महिन्यांवर होता. तोवर कपाळ टेकून सजदा जमलाच पाहिजे, असं तिनं मनाशी धरलं.

रोजच्या वहीत तिनं पान आखलं. प्रत्येक उपायाचा एकीकडे फायदा, दुसरीकडे तोटा. दर शुक्रवारी, जुम्म्याला, पिठाच्या गिरणीत जाऊन गव्हाच्या काट्यावर उभी राहायची. गिरणीवाला छगन आकडा सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगायचा. तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वजन उतरवायची पावडर घरोघर विकणाऱ्या सत्यशीलाबाईंनी एक डबा गळ्यात मारला. दोन आठवड्यांत तीन किलो गेले खरे, पण त्या पेल्याला ओल्या चुन्याचा वास यायचा, उठलं की डोळ्यांपुढं अंधारी. डबा संपला आणि चार किलो परत आले. त्या डब्यात आता खडेमीठ आहे, वास अजून जात नाही. दुधीचा रस स्वस्त, पण गिळायच्या आत उलटून यायचा. कमरेला बांधायच्या घामाच्या पट्ट्यानं पोटभर घामोळं उठलं, वजन तसूभर हललं नाही.

मग सोमवार-गुरुवारचे आपखुशीचे रोजे धरले. पोट हलकं, मन शांत. संध्याकाळी रोजा सोडताना मात्र भज्यांवर हात आवरत नसे.

एका गुरुवारी मागची पानं चाळताना तिनं वाचलं, 'रोजा. दोनशे ग्रॅम कमी.' त्याखाली, 'रोजा. काही उतरलं नाही. फुकट गेला.'

आपल्याच अक्षरातलं ते 'फुकट गेला' तिनं बोट ठेवून पुन्हा वाचलं. अल्लाच्या नावाचा रोजा तिनं छगनच्या काट्यावर चढवला होता.

शेजारच्या बनुबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "भाभी, माझी चतुर्थी तरी कुठं देवासाठी हाय? साबुदाण्यासाठी हाय."

मुमताजला हसू आलं नाही. तिनं ते पान फाडून चुलीत घातलं. पुढं रोजे ठेवले, पण वहीत नाही. भजी बंद केली, जेवणातली एक भाकरी कमी केली, आणि फजरच्या पहाटेच्या नमाजानंतर बनुबाईबरोबर पाटाच्या कडेनं चालायला लागली. यात तोटा एकच, फार हळू चालतं सगळं. गिरणीत दळण घेऊन गेली तरी काट्याकडं बघायची नाही.

रमजानच्या आदल्या दिवशी तिनं खुर्ची पुढ्यात ओढली, तिला धरून खाली गेली. गुडघे कडाकडा वाजले. कपाळ टेकलं.

खुर्ची तिथंच राहू दिली. उठायला लागते.