एक्केचाळीस नंबरचं इंजिन

जुबेदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दारात बसून मासोळ्या साफ करत होते. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून नातसुनेने फोन माझ्या कानाला धरला. पलीकडून जुबेदाचा पुतण्या सलीम बोलत होता. "मावशी, फुफू गेली." कधी, म्हणून विचारलं. "सकाळी. नमाज झाली अन् बसल्या जागीच." मी बरं म्हटलं आणि राहिलेल्या मासोळ्या साफ केल्या. नातसून माझ्याकडे पाहतच राहिली. पण मासोळ्या तशाच टाकून उठले असते तर जुबेदा काही परत आली नसती, मासोळ्या मात्र नासल्या असत्या. मग हात धुऊन त्यांच्याकडे गेले. तोवर तिला न्हाऊ घालून कफन घातलं होतं. पुरुष तिला घेऊन गेले, आम्ही बाया ओट्यावर राहिलो. त्यांच्या घरातल्या बाया कब्रस्तानात जात नाहीत, आमच्या बाया मसणात जात नाहीत. तेवढ्या एका गोष्टीत दोन्ही घरांचं जमत होतं.

मूलला आमची घरं एकाच गल्लीत. आम्ही ढिवर, तलावातली मासोळी धरून बाजारात विकणारे. ती शिवणाऱ्यांच्या घरातली. तिने या गावातल्या तीन पिढ्यांची पोलकी शिवली. तिचा बाप मात्र रेल्वेत होता, छोट्या गाडीवर फायरमन. तेव्हा इथून नागभीडकडे वाफेची छोटी गाडी जायची. जुबेदा पाच वर्षांची असताना तिच्या बापाला ड्युटीवरच ताप भरला आणि तो नागभीडलाच वारला. त्याला तिथेच पुरलं. घरी परत आला तो त्याचा जेवणाचा पितळी डबा. बापाचा फोटो नव्हता. कबर तिने कधी पाहिली नाही, कारण बायांनी जायचं नसतं. त्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. फक्त त्याच्या अंगाला कोळशाचा वास यायचा, एवढं सांगायची... तेही खरंच आठवत होतं की आईने सांगितलेलं, कोण जाणे.

त्या डब्यावर ठिपके ठोकून आकडा घातलेला होता. आपण भांड्यावर नाव घालतो तसा. शेडमध्ये सगळ्यांचे डबे एका फळीवर असायचे आणि वाचता येणारे थोडे, म्हणून जो तो आपल्या इंजिनाचा नंबर घालून घेई, असं तिची आई सांगायची. पण कोणता नंबर ते आईलाही माहीत नव्हतं. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या गल्लीत शाळेत जाणारी मुलगी मी एकटीच, आणि त्याचा मला भारी तोरा होता. जुबेदाने डबा माझ्यापुढे धरला. मी बोट ठेवून वाचलं, चार, एक. एक्केचाळीस. ती घरभर नाचली. "अम्मी, एकतालीस! अब्बाचं इंजिन एकतालीस!" त्या दिवसापासून तो आकडा तिचा झाला. चौथीनंतर माझी शाळा सुटली, तिची तर सुरूच झाली नव्हती. आकडा तेवढा राहिला. दुकानातल्या शिलाई मशीनशेजारी तो डबा असे आणि त्यात बटणं. डबा बाहेरून ती कधी घासत नसे. काळाकुट्ट झालेला. मी म्हणायची, "घास ना वो त्याले, मशेरीच्या डब्यासारखा दिसून राह्यला." ती म्हणायची, "अब्बाचा हात लागला हाय त्याले. घासला तं जाईन." पितळेवर माणसाचा हात इतकी वर्षं राहत नाही, हे मी तिला सांगून पाहिलं. तिने ऐकलं नाही. आतून मात्र रोज फडक्याने पुसायची.

पुढे छोटी लाईन गेली, मोठी आली. दोन वर्षांमागे सलीमने तिला मोबाईलवर जुन्या इंजिनांची चित्रं दाखवली. कुठे कुठे ती जपून ठेवली आहेत, कुठे कुठे अजून चालतात. मग हिने हट्टच धरला. अब्बाचं इंजिन पाहायचं. नाही मिळालं तर तसलं एखादं चालताना पाहायचं. सलीमने चेन्नईची तिकिटं काढली आणि आम्हा दोघींना बल्लारशाहला गाडीत बसवून दिलं. मी काऊन गेले? तिला तमिळ येत नव्हतं आणि मलाही येत नव्हतं. पण दोघी हरवलो तर एकटीपेक्षा बरं.

आधी चेन्नईला उतरलो. तिथे मोठं संग्रहालय आहे, रंग दिलेली इंजिनं बागेत उभी. जुबेदा एकेकापाशी जाऊन मला नंबर विचारायची आणि मी वाचून सांगायची. इंग्रजी आकडे मला येतात, बाजारात बसून शिकले. एकतालीस नव्हतं. मग उटीच्या डोंगरातली गाडी. तिचं इंजिन मागून ढकलतं, रुळांच्या मधोमध दातांची पट्टी असते आणि चढावर ते दात धरून वर चढतं. मी म्हटलं, "एवढ्या दूर येऊन मागून ढकलणारं इंजिन पाह्यलं. ढकलणंच पाहायचं होतं तं आपली यष्टी काय वाईट होती?" ती अशी हसली की समोरच्या बाईने तिला पाणी दिलं. मधे गाडी पाणी घ्यायला थांबते. तिथे ती खाली उतरली आणि इंजिनापाशी जाऊन वास घेऊ लागली. थोड्या वेळाने परत आली, तोंड पडलेलं. "अनसू, कोळसा नाई वो. तेल टाकतेत यात." मी म्हटलं, कोळशाचा वास पाहिजे तर चंद्रपुरात काय कमी आहे, दोरीवरचे कपडे काळे होतात. ती हसली नाही. बाकीचा सगळा डोंगर, झाडं, बोगदे तिने मान खाली घालूनच पाहिले. माणसं खिडकीतून हात बाहेर काढून फोटो काढत होती.

परतताना नागपूरला उतरलो. तिथे छोट्या गाड्यांचं संग्रहालय आहे, आमच्या लाईनीचं सामान तिथे गेलं असं ऐकलं होतं. तिथवर पोहोचेस्तोवर तिचे पाय सुजले होते. दारावरच्या माणसाने विचारलं, "आजी, काय पाहता?" जुबेदाने ताठ उभं राहून सांगितलं, "एकतालीस नंबर. माह्या अब्बाचं हाय." जणू तिची बकरी हरवली होती आणि ती कोंडवाड्यात आली होती. भला माणूस. हसला नाही. म्हणाला, "एकतालीस नाही आपल्याकडे. कधीचं भंगारात गेलं असंल." तिला ते पटलं नाही. "अनसू, तू पाह्य. तू खोटं बोलत नाई." मी सगळीकडे फिरून आले. नंबराच्या पाट्या वाचल्या. एक्केचाळीस नव्हतं. मी येऊन सांगितलं, "नाई वो. गेलं भंगारात. चल, खाऊन घेऊ." दुसऱ्या कोणी तिला गोड बोलून समजावलं असतं. मला ते जमत नाही आणि म्हणूनच तर ती मला विचारत होती.

ऊन होतं. एका इंजिनावर झाडाची सावली होती, त्याच्या पायरीवर बसून आम्ही पोळी आणि कांदा खाल्ला. जुबेदा पाठ टेकून बसली. म्हणाली, "लोखंड गरम हाय वो, अंगात ताप असल्यासारखं." त्या माणसाने माझ्या मोबाईलमध्ये आमचा फोटो काढून दिला. तिने पुन्हा काही विचारलं नाही. घरी आल्यावर दुकान उघडलं, पण जुनी गिऱ्हाईकं पोलकं परत आणू लागली, बाही उलटी लागली म्हणून. दोन वर्षं ती अशीच होती. मी जाऊन बसायची. ती म्हणायची, "भट्टीत वितळलं असंन ना? आता त्याचे खिळे झाले असतीन." मी म्हणायची, असतील.

चाळीस दिवस भरून तिचं चाळीसावं झालं त्या दिवशी सलीमच्या बायकोने तो डबा मला दिला. "फुफू म्हणत होत्या, अनसूला द्या." मी बटणं तिलाच काढून दिली आणि डबा घरी आणला. घाण भांडं मला घरात चालत नाही. चिंच आणि राख घेऊन घासायला बसले. काळं निघालं, ठिपके उघडले. माझ्या आकड्यातला चार वरून उघडा होता... तो उघडा नव्हता. वरचे दोन ठिपके मळाने बुजले होते. ते उघडले आणि चाराचं डोकं बंद झालं. इंग्रजी आठ. आणि आठ इंग्रजी, तर शेजारचा आकडाही मराठी नाही. चौथीतल्या मुलीला इंग्रजी आकडे कुठले येणार? इंग्रजी नऊ ती मराठी एकच वाचणार. ४१ नाही. 89. रेल्वेने आकडे मराठीत कधी घातले होते? संग्रहालयात पाट्या वाचतानाही मला हे सुचलं नाही. मी एक्केचाळीस शोधत होते.

मी मोबाईल काढला. फोटो आहे. आम्ही दोघी पायरीवर, तिच्या हातात पोळी, पदर सरकलेला, पाठ लोखंडाला टेकलेली. तिच्या खांद्याच्या वर नंबराची पाटी. ती वाचायला मला चष्मा लागला नाही.

सलीमला मी सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, फुफू बसली तर होती ना त्याच्याचजवळ." लोक असं काहीतरी म्हणतात. बसली होती हे तिला माहीत नव्हतं, मग त्याचा तिला काय उपयोग? ज्याला सांगायचं ते माणूस अशा जागी आहे जिथे मी जाऊ शकत नाही, आणि गेले तरी ते ऐकणार नाही.

डबा फळीवर आहे. आकड्याची बाजू भिंतीकडे करून ठेवली आहे. परवा सवयीने आतून पुसायला घेतला. बाहेरून ठोकलेले ठिपके आत टोचतात. आत मळ साचत नाही, तिने कधी साचू दिला नव्हता. आठाचं डोकं आतून पुरतं बंद आहे, बोट सरळ गोल फिरतं. तिचंही रोज फिरत असणार. पण तिला आकडे येत नव्हते. मला येत होते.