दहा बोटं आणि आठ कप कॉफी

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत निमेशशेठचा गाळा आहे. तिथे स्टीलच्या डब्यांची झाकणं बनतात. अनंता गावडे त्या गाळ्यात सत्तावीस वर्षं पॉवर प्रेसवर बसतोय आणि त्याच्या हातांना अजून दहाच्या दहा बोटं आहेत. तुम्ही म्हणाल, यात कसलं आलंय नवल? पण प्रेसवाल्यांत एवढी बोटं शाबूत राहणं ही मोठी कमाई. दसऱ्याला प्रेसला हार घालून कुंकू लावायचा मान त्या गाळ्यात सगळ्यात जुन्या, धड बोटांच्या कामगाराचा. सात वर्षं तो मान अनंताकडे आहे. त्याआधी बाळा राऊळकडे होता. बाळाच्या उजव्या हाताला आता तीन बोटं आहेत आणि तो झाकणं पुसून खोक्यात भरतो.

काम दिसायला सोपं. पत्र्याची चकती खालच्या साच्यावर ठेवायची, उजव्या पायाने पेडल दाबायचं, वरचा ठोकळा धाडकन आपटून वर गेला की झाकण काढून घ्यायचं. काढायला चिमटा असतो, पण तो खिळ्याला टांगलेलाच, कारण बोटांनी काम भरभर होतं. सगळी मेख पायात आहे. ठोका पडला रे पडला की पाय उचलायचा. पाय राहिला, तर ठोकळा दुसऱ्यांदा खाली येतो, आणि तेव्हा हात आत असतो.

अशा माणसाच्या नेमक्या उजव्या पायाच्या अंगठ्याला गाउटच्या वाताने धरलं.

दोष कुणाला देणार? श्रावण पाळला, घरचा पाच दिवसांचा गणपती पोचवला, आणि मग महिनाभर मासळीवाचून राहिलेला हा मालवणी गडी तारल्यांवर तुटून पडला. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तारल्यांचं तिखलं, वर सोडे घातलेली वांगी. नवव्या दिवशी अंगठा टोमॅटोसारखा लाल. चादरीची किनार लागली तरी जीव जाईल अशी कळ. डॉक्टरांनी रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढलंय म्हणाले, गोळ्या दिल्या आणि बजावलं, "बरं वाटलं तरी रोजची गोळी बंद करायची नाही. आणि तारले बंद." हे आपल्या अनंताने बरोबर उलटं पाळलं.

त्याला कारण घडली ती त्याची लेक, श्वेता. ती मोबाइलवर वाचता वाचता म्हणाली, "बाबा, कॉफी पिणाऱ्यांना गाउट कमी होतो असं दिसलंय म्हणे. पण ते औषध नाही हां, गोळी घ्यायचीच."

पहिलं वाक्य अनंताच्या डोक्यात पक्कं बसलं. दुसरं तिखल्याच्या वाफेत विरून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून थर्मास सुरू झाला. बिनसाखरेची, काळी, कडूजार कॉफी. सकाळी दोन कप, गाळ्यात पाच, घरी आल्यावर एक. बायको जानकी रोज विचारायची, "पाय कसो आसा?" आणि हा म्हणायचा, "एकदम झकास." गोळ्यांचं पाकीट टीव्हीमागे गेलं. कॉफी आहे ना, म्हणून तारलेही परत आले.

पण मनातून अनंता भ्यायला होता, आणि ही भीती त्याने कुणालाच सांगितली नव्हती. अंगठा पुन्हा ठणकायला लागला होता. प्रत्येक ठोक्याला पाय उचलताना तो श्वास धरायचा. आणि आता आठ कप कॉफीने हातही थरथरू लागले होते. रोग रेड्याला, औषध पखालीला, तशी गत झाली. छाती धडधडायची, चकती साच्यावर वाकडी बसायची. शेठला सांगावं, तर दसरा दोन आठवड्यांवर. मान जाईल, प्रेस जाईल, आणि बाळाशेजारी बसून झाकणं पुसावी लागतील. सत्तावीस वर्षांनी हेच काय फळ? तो आणखी एक कप ओतून घ्यायचा.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ते घडलं. ठोका पडला. अनंता पाय उचलणार, तोच अंगठ्यातून अशी कळ गेली की पाय पेडलवर जागच्या जागी आखडला. हात तर सवयीने झाकणाकडे निघालेला. पण थरथरत्या बोटांतून झाकण निसटलं, घरंगळत बाहेर पडलं, आणि ते धरायला हात त्याच्या मागे गेला. रिकाम्या साच्यावर ठोकळा दुसऱ्यांदा आदळला.

हात बाहेर होता. ठोकळ्याची कड लागून करंगळीचं नख तेवढं काळंनिळं झालं होतं.

बाळाने धावत येऊन बटण बंद केलं, त्याचा पाय दोन्ही हातांनी पेडलवरून उचलला. बूट निघेना इतका अंगठा सुजलेला. बाळाने ओढून बूट काढला, अंगठा बघितला, मग थर्मास बघितला.

"किती दिवस झाले रे?"

"आठ-दहा."

"सांगितलं का नाहीस?"

बाळा त्याच्या शेजारी खाली बसला. "बोटं गेली त्या दिवशी सकाळपासून मला चक्कर येत होती," तो हळूच म्हणाला. "दसरा आठ दिवसांवर होता. मीपण कोणाला बोललो नव्हतो."

अनंताने त्याच्या तीन बोटांकडे बघितलं आणि तो प्रेसला धरून उठला. तसाच लंगडत तो शेठच्या केबिनमध्ये गेला. "शेठ, मी प्रेसवर बसणार नाही. मला भीती वाटते."

घरी जानकीने टीव्हीमागचं पाकीट शोधून काढलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती त्याचं काळं नख हातात धरून बसून राहिली. "माका कित्याक नाय सांगितलास?" एवढंच म्हणाली आणि रडली. दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेली.

दसऱ्याच्या दिवशी अंगठ्याची सूज उतरली होती. अनंता आता झाकणं पुसतो, तरी शेठने कुंकवाची वाटी त्याच्याच हातात दिली. धड बोटांचा जुना माणूस तोच. प्रेस बंद होती, मेन स्विचही पाडलेला. गोळी रोज चालू होती, आणि त्या दिवशी सकाळपासून त्याने कॉफीचा थेंबही घेतला नव्हता. तरी कुंकू लावायला ठोकळ्याखाली बोट नेताना त्याचा हात थरथरत होता.