रोज एक पेर

बल्बमावशींच्या हातात पिल्लू दिलं की त्या त्याच्याकडे बघतच नसत. बघायच्या समोरच्या पाण्याच्या टाकीकडे, नाहीतर कोण कुणाच्या घरी चाललंय तिकडे. पिल्लू डाव्या मुठीत आणि उजव्या हाताचा अंगठा त्याच्या पंखाखाली. पत्त्यांचा डाव उघडावा तसा तो पंख उलगडायचा, अंगठा काठावरून फिरायचा आणि त्या सांगायच्या, "पाच पिसं आलीत. सहावं कातडीतून डोकावतंय." मी वाकून मोजायचे. पाचच असायची.

बुवापाड्यात त्यांना त्यांच्या नावाने कुणी हाक मारत नसे. त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या गोल कुंपणात पिल्लं असत आणि वर दोरीला पिवळा बल्ब. रोज सकाळी पाणी भरून झालं की त्या दोरीवर तर्जनीचं एक पेर मोजायच्या, बल्ब तेवढाच वर घ्यायच्या आणि गाठ मारायच्या. थंडी असो वा नसो, एक पेर. "कायम ऊब मिळाली तर पिसं कशाला येतील? गरज कळू दे की अंगाला," म्हणायच्या. पण हट्टाला पेटलेल्या नसायच्या. पिल्लं बल्बखाली ढीग करून बसली तर गाठ सोडून बल्ब खाली घ्यायच्या. "पिल्लांकडे बघायचं, बल्बकडे नाही. ढीग केला म्हणजे थंडी. कडेला पळाली म्हणजे उकाडा. मधे ऐसपैस पसरली की समज, मंडळी खूश आहेत."

आमच्या गल्लीत इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटी. बोलायचे कमी, त्यामुळे बायकांनी माझं नाव 'मॅडम' ठेवलं होतं. एका दुपारी मावशींनी दारातूनच हाक मारली, "ए मॅडम, ही खाद्याची गोणी इंग्लिशमध्ये आहे. काय लिहिलंय वाच." मी वाचलं आणि प्रोटीनपाशी अडकले. मराठी शब्द आठवेना.

"प्रथिनं," मावशी म्हणाल्या. "म्हणजे आपला जवळा. घाबरते कशाला, मी काय परीक्षा घेतेय?"

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊ लागले.

त्या हिवाळ्यात आमच्या बचत गटातल्या चार बायकांनी पंधरा-पंधरा पिल्लं घेतली. तीन आठवडे झाले तरी पिल्लांच्या पाठी उघड्याच. पंखांवर चार काड्या आणि मागे गुलाबी कातडी. कारण साधं होतं, पण ते प्रेमाचं होतं म्हणून कुणाला दिसत नव्हतं. शोभाताईंनी तर खोका चुलीशेजारी ठेवून, दिवसरात्र बल्ब लावून वर गोधडी घातली होती आणि घरातल्या मुलांसारखा मऊ भात भरवत होत्या. पिल्लं चोची उघडून धापा टाकत खोक्याच्या कडेला चिकटलेली.

अमावस्येच्या सुमाराला शोभाताई चिडून मावशींच्या दारात आल्या. "हा रोग आहे, मावशी. माझ्या घरात तान्हं नातवंड आहे. मी आजच नाल्यावर सोडून येते. आणि हा कोंबड्यांचा उद्योग पण बंद."

"रोग नाही. तुम्ही वाफवलीत त्यांना," मावशी म्हणाल्या. "सगळ्यांची पिल्लं माझ्याकडे आणा. पौर्णिमेला विहारात बैठक आहे ना? तोवर थांबा."

"आणि नाही आली पिसं तर?"

"तर उद्योग बंद म्हणून पहिली सही माझी."

साठ पिल्लं आली. दुसऱ्या दिवशी आम्ही उल्हासनगरला खाद्य आणायला गेलो. मावशींनी गोणीत हात घातला, चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकल्या. "साईं, इसमें मच्छी किधर है? खाली मका है."

"माता, मुर्गी को खिलाना है कि मेहमान को?" दुकानदार हसला.

"मेहमान को चावल चलता है. इनको पंख निकालना है."

दुसरी गोणी उघडली गेली, मग तिसरी. तिसरी त्यांच्या जिभेला पटली. येताना सुका जवळा घेतला. तो भाजून कुटला तेव्हा गल्लीने नाकाला पदर लावला. मावशी कुटत राहिल्या. जागा वाढवली, गोधड्या परत पाठवल्या, बल्ब रोज एक पेर वर.

आणि पौर्णिमेला पाच दिवस उरले असताना मावशींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. दोनदा पुढे ढकललेली होती. मुलगा बदलापूरहून न्यायला आला. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तीन दिवस पेर पेर. चौथ्या दिवशी बल्ब काढून टाक."

"मी?" मी म्हटलं.

"मग काय बल्ब आपण होऊन उतरेल?"

त्या चार दिवसांत मला एक गोष्ट कळली. खाद्य काढताना गोणी उलटी झाली. मागच्या बाजूला तोच मजकूर मराठीत होता, चांगल्या ठसठशीत अक्षरांत. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. मी गोणी पुन्हा होती तशी ठेवली. कुणाला काही बोलले नाही.

चौथ्या दिवशी बल्ब काढला. संध्याकाळी शोभाताई गोधडी घेऊन आल्या. "अगं पोरी, काय केलंस? गारठा बघ. मरतील ती! लाव आधी तो बल्ब." त्यांचा हात बटणाकडे गेला.

"नको," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "ताई, पिल्लांकडे बघा. बल्बकडे नको. ढीग केलाय का त्यांनी?"

पिल्लं मधोमध पसरून जमीन उकरत होती. शोभाताईंनी हात मागे घेतला, पण त्या गेल्या नाहीत. गोधडी मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसल्या. मीही बसले. काळोख पडल्यावर पिल्लं एकमेकांना टेकून निजली, तेव्हाच त्या उठल्या.

पौर्णिमेला मावशी काळा चष्मा लावून रिक्षातून विहारापाशी उतरल्या. डॉक्टरांनी कोंबड्यांजवळ जाऊ नका म्हणून बजावलं होतं. "मी कुठे जातेय? त्याच येतायत," म्हणत त्यांनी हात पुढे केला. शोभाताईंनी खोक्यातलं पिल्लू त्यांच्या मुठीत दिलं. मावशींनी मान वळवली. अंगठा फिरला. "सात... आठ." मग पाठीवरून. "भरली की पाठ. कुणाचं गं हे?"

"माझंच," शोभाताई म्हणाल्या.

साठांतली सत्तावन्न भरली होती. उरलेल्या तिघांची पाठ अजून उघडीच. मावशींनी त्यातलं एक चाचपलं. "हा कोंबडा दिसतोय. बाप्यांना कपडे घालायचं उशिरा सुचतं. आणखी आठ दिवस द्या." बायका हसल्या. बंदची सही कुणीच मागितली नाही.

मुलाने त्यांना परत बुवापाड्याला पाठवलं नाही. बदलापूरला चौथ्या मजल्यावर त्या ग्रिलमध्ये मिरच्या लावायच्या. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, गोणीच्या मागे मराठीत होतं ना?"

"हो."

"आणि तू बोलली नाहीस." त्यांनी माझा हात घेतला आणि अंगठा माझ्या बोटांवरून फिरवला, एकेका पेरावरून. "बल्ब तू काढलास म्हणे. शोभा अजून सांगते सगळ्यांना."

गेल्या पावसाळ्यात मावशी गेल्या. पत्र्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडेच आहे. आता तिथे गटाची नवी पिल्लं आहेत, आणि मोरिवलीच्या बायकाही आपली पिल्लं दाखवायला आणतात. घाबरलेल्या असतात. विचारतात, पाठ उघडी आहे, जगेल का? मी पिल्लू डाव्या मुठीत घेते. माझे डोळे चांगले आहेत, तरी बघते समोरच्या पाण्याच्या टाकीकडे. अंगठ्याला पाच लागतात, आणि थांबलं की त्यांच्या पुढे, कातडीखाली, एक टोक.

"सहावं येतंय," मी सांगते. "बल्ब एक पेर वर घ्या."