मागच्या दाराची दुसरी किल्ली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तिला वाटायचं, मी अमरावतीहून अकोल्याला जातो तो घराची डागडुजी बघायला.

नागपूरच्या शिक्षण खात्याकडून अमरावतीला बदलीचा हुकूम आला आणि अकोल्याच्या जठारपेठेतलं आमचं घर पहिल्यांदाच भाड्यानं द्यावं लागलं. स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं घर. भाडेकरू भला होता — कचेरीत कारकून, सोबत बायको आणि हिवरखेडची म्हातारी आई. जन्मभर भाजीच्या मळ्यात राबलेली बाई. इथं स्वयंपाकघर तिच्याच हाती होतं. मी त्यांना किल्ल्या दिल्या. मागच्या दाराची दुसरी किल्ली मात्र ठेवून घेतली. काहून? त्यांनी विचारलं असतं तर हरवली म्हणालो असतो.

अमरावतीत करमेना. वर्गात शिकवतानाही डोळ्यांपुढे घर. एका रविवारी गेलो, तर तिघं बाजाराला गेलेली. मागच्या दारानं आत शिरलो. नुसतं बसायचं होतं — खरंच, नुसतं बसायचं. पण पाण्याची घागर खिडकीखाली होती. आमची कोपऱ्यात असायची. मी उचलून कोपऱ्यात ठेवली, आणि केवढं बरं वाटलं. पुढच्या खेपेला मिठाची बरणी. मग पोळपाट. मग देवापुढची समई...

काही महिन्यांनी पुढच्या दारानं, रीतसर गेलो. कारकून हळूच म्हणाला, आईला भ्रम होतोय — वस्तू कुठंही ठेवते, शिवाय घरात कोणी येऊन जातं म्हणते. वैद्याचं औषध चालू होतं. चूल सुनेनं आपल्याकडे घेतली होती.

तो पाणी आणायला आत गेला, तशी ओसरीवर बसलेली म्हातारी माझ्याकडे सरकली.

"मास्तर, तुमी शिकेल मानूस. तुमीच सांगा, माही मती फिरून राह्यली का?"

तिला काही ठाऊक नव्हतं. माझ्यावर विश्वास होता, इतकंच. एका वाक्यात सुटली असती ती. आणि मी — मी काय केलं?

"वय झालं की होते असं, माय," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. तोवर घरात सगळ्यांशी भांडत होती म्हणे. त्या दिवशी तिनं ते मानलं.

मी पुन्हा आत शिरलो नाही. वस्तू जागच्या जागी राहू लागल्या, तर लेकाला वाटलं औषधाचा गुण आला. म्हातारीला मात्र त्यानं हिवरखेडला थोरल्या भावाकडे पोचवलं.

वर्षभरानं तो कचेरीच्या कामानं अमरावतीला आला, तेव्हा मी तिची चौकशी केली. तब्येत बरी आहे म्हणाला, पण कशालाच हात लावत नाही. मळ्यात पाय ठेवत नाही. समोरचं पाणीसुद्धा थोरल्या सुनेनं द्यावं लागतं. कुणी काही म्हटलं तर सांगते, मास्तरच म्हणाले, माझी मती गेली.

मी त्याला चहा पाजला, टांग्यात बसवून दिलं.

त्यानंतर ती पाच वर्षं जगली. हिवरखेडला मी कधी गेलो नाही.