पावणं या शब्दाचा अर्धा अर्थ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. शनिवारी ते पुण्याहून घरी आले की आठवडाभराचं सगळं मी एका दमात सांगून मोकळी होते, हे मात्र दर शनिवारी राहून जातं. राहून जातं म्हणजे काय — मी राहू देते.

आधी माझी बाजू… नाही, बाजू नको. आधी वैताग सांगते. तो तरी खरा होता.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचा वरचा मजला आम्ही मार्टिनला भाड्यानं दिला होता. हॉलंडचा माणूस, पन्नाशीतला, एकटा. इथल्या एका फाउंड्रीत सल्लागार म्हणून आला होता. करार एका वर्षाचा, दरवर्षी वाढवायचा. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. माझ्या फ्रिजवर याद्या असतात — पाण्याची वेळ, गॅसचा नंबर, इस्त्रीला गेलेले कपडे. मार्टिनसाठीही मी एक यादी करून त्याच्या दारामागे चिकटवली होती. वाटलं, झालं, आता हा सुखानं राहील आणि मीही राहीन.

कसलं काय! यादी त्यानं वाचली आणि प्रत्येक ओळीवर प्रश्न घेऊन खाली आला. पाणी पहाटेच का सोडतात? दुपारी दुकानदार झोपतो, तेव्हा गिऱ्हाइकानं काय करायचं? आणि जाताना माणसं 'येतो' का म्हणतात? फोडणी करपत असताना मी समजावलं — 'जातो' म्हणू नये, जातो म्हणजे कायमचं गेल्यासारखं वाटतं; परत येणारा माणूस 'येतो' म्हणतो. त्याला हे इतकं आवडलं की दुधाची पिशवी आणायला निघाला तरी जिन्यातून ओरडायचा, "वैनी, येतो!" गल्ली मला वैनी म्हणते, म्हणून तोही.

रविवार तर विचारू नका. त्या दिवशी तो आमच्याकडे जेवायचा, पण वेळेवर येईल तर शपथ. एकदा एसटीनं गारगोटीला गेला आणि परतीची शेवटची गाडी कधी, हे विचारलंच नाही. एकदा पेठ वडगावचा बाजार बघायला गेला, तर दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन. पलीकडे खणखणीत आवाज, "वैनी, तुमचं पावणं हितं हाय बघा. जेवल्याबिगर सोडत न्हाय. काळजी करू नगा." मी कुठे काळजी करत होते? मी त्याच्या वाटणीचा भात लावून बसले होते!

गल्लीच्या तोंडाशी सदामामांची चहाची टपरी आहे. तिथं तो रोज. "या पावणं, बसा. च्या घेतल्याबिगर हलायचं न्हाय." परदेशी माणसाला मोठ्यानं बोललं की मराठी कळतं, अशी सदामामांची समजूत. मार्टिनही तेवढ्याच मोठ्यानं "व्हय की!" म्हणायचा आणि सगळी टपरी हसायची. मग टपरीवरची माणसं वरच्या मजल्यावर यायला लागली. कुणी त्याला गूळ आणून दे, कुणी पत्ते शिकव. जिन्यात चपलांचा ढीग. बोलणं अडलं की हाक मला — वैनी, जरा पावण्यास्नी इंग्रजीत सांगा की. दिवसभर शाळेत पालकांना समजावून आल्यावर संध्याकाळी परत हेच. कोण वैतागणार नाही?

पण नुसता वैताग असता, तर हे लिहायला बसले नसते.

मी मूळची नाशिकची. या गल्लीत लग्न होऊन आले, इथंच मुलगी वाढवली, ती आता नोकरीला लागली. मला इथं मान आहे. मी दिसले की टपरीवरची माणसं सावरून बसतात. माझ्याशी बोलताना 'न्हाय'चं 'नाही' करतात. सुरुवातीला मीच त्यांचं बोलणं सुधारत असे — हसत हसत, पण सुधारत असे. आता कुणी हसत नाही. मला गूळ आणून देत नाहीत, पत्ते शिकवत नाहीत. आणि हा माणूस? तीन वर्षांत गल्लीचा झाला. जिन्यातल्या चपला मी पायानं बाजूला सारायची, तेव्हा मला फक्त पसाऱ्याचा राग यायचा का?

तिसरं वर्ष संपत आलं होतं. करार वाढवायचा की नाही, हे त्यानं सोमवारी कळवायचं होतं. रविवारी संध्याकाळी तो खाली आला. मी मेथी निवडत होते. म्हणाला, मला राहायचं आहे, तिकडे परत जावं असं माझं कुणी उरलेलं नाही. पण वैनी, एक सांगा — सदामामा मला अजून 'पावणं' का म्हणतात? मी शब्दकोशात पाहिलं, पाहुणा असा अर्थ आहे. इतक्या वर्षांनीही मी पाहुणाच का?

काय सांगायला हवं होतं, ते मला तेव्हाही माहीत होतं. कोल्हापुरात पावणं म्हणजे सोयरासुद्धा. व्याही पावणं, जावई पावणं, मेहुण्याचा मेहुणाही पावणं. वाटेवरच्या नवख्या माणसाला पावणं म्हणून हाक मारतात, ती त्याला नात्यात ओढून घ्यायला. आणि सदामामा तर 'आमचं पावणं' म्हणायचे. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हटलं, "शब्दकोश बरोबर आहे. पाहुणाच. पाहुण्याचं लोक सगळं करतात, कारण तो जाणार असतो."

हे शेवटचं तर त्यानं विचारलंही नव्हतं. दाखल्याला कुठली कागदपत्रं लागतात, हे पालकांना सांगते त्याच आवाजात मी ते सांगितलं. त्यानं खाली पडलेली मेथीची एक काडी उचलून माझ्या ताटात ठेवली. "बरं," म्हणाला आणि वर गेला.

मला वाईट वाटलं का? तेव्हा नाही. हलकं वाटलं. जिना मोकळा होईल, असं वाटलं.

सोमवारी त्यानं करार वाढवायचा नाही असं कळवलं. तो निघाला त्या सकाळी सगळी गल्ली दारात होती. सदामामांनी टपरी बंद ठेवली होती. मी बॅगा रिक्षात नीट बसतात की नाही बघत होते — तेवढंच काम मी स्वतःकडे घेतलं होतं. मार्टिन सगळ्यांना हात जोडून म्हणाला, "जातो."

"जातो न्हवं, पावणं!" सदामामा ओरडले. "येतो म्हणा की!"

लोक हसले. मार्टिननं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, वर्गात उत्तर बरोबर आलं की मुलगा बाईंकडे बघतो, तसं. मग पुन्हा म्हणाला, अगदी स्वच्छ, "जातो."

सदामामा अजून हा किस्सा सांगतात. परवाही सांगत होते. तीन वर्सं राहिलं आमचं पावणं, पर मराठी काय पक्कं झालं नाही बघा वैनी, जाताना चुकलंच.

"हो ना," मी म्हणाले.

तो चुकला नव्हता.